मिरची यार्डातील शिंकनिर्मूलन

कोणत्याही संस्थेचे आरोग्य शेवटी तिच्या कर्मचाऱ्यांच्या नाकांवर अवलंबून असते. हात धुता येतात, कान झाकता येतात, पोट रिकामे ठेवता येते (महिनाअखेरीला ते आपोआपच राहते). पण नाक हा अवयव रजेचा अर्ज न देता वाहू लागतो आणि शेजारच्या टेबलालाही सोबत घेऊन जातो. आमच्या भाणपरच्या मार्केट यार्डाला हे सत्य फार उशिरा उमगले. उमगल्यावर आम्ही जे केले, ते इतर कार्यालयांना मार्गदर्शक ठरावे म्हणून इथे नोंदवत आहे.

भाणपर हे सौराष्ट्रातले मिरचीचे गाव. संक्रांत जवळ आली की यार्डाच्या पत्र्यांखाली लाल ढीग उभे राहतात आणि गावाच्या हवेत एक प्रकारचे चैतन्य येते. या चैतन्यामुळे सगळे गाव होळीपर्यंत शिंकत असते. शाळेत प्रार्थना शिंकत होते, जैनांच्या देरासरात आरती शिंकत होते, आणि एसटीचा ड्रायव्हर नदीच्या पुलावरच एकदा शिंकून घेतो, म्हणजे स्टँडात गाडी वळवताना अडचण नको. इतर गावांत शुभकार्याला निघताना कुणी शिंकले की मंडळी क्षणभर थांबतात. आम्ही ही चाल पाळली असती तर भाणपरात आजवर एकही लग्न लागले नसते. आमच्याकडे कुणी शिंकले की जवळचा वडीलधारा 'खम्मा' म्हणतो आणि काम पुढे चालू राहते. (देव तुला सांभाळो, असा त्याचा साधारण अर्थ. दिवसातून दोनशेदा म्हणायचे असल्यामुळे अर्थाकडे कुणी फारसे बघत नाही.)

उलट यार्डात शिंक हे मापच होते. लिलाव पुकारायला वशरामभाई असत. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेला, बारीक अंगाचा माणूस. देवाने हात आखडता घेऊन शरीर केले आणि उरलेला सगळा ऐवज नाकात घातला, असे त्यांची बायको संतोकबेन म्हणे. वशरामभाई ढिगापुढे उभे राहत, मधूनच एक मिरची काढून मोडत आणि नाकाशी नेत. व्यापारी श्वास रोखून उभे. एक शिंक आली तर माल घरगुती. दोन आल्या तर चांगला. तीन आल्या की मसाल्याच्या गिरण्यांचे दलाल एकमेकांच्या पायावर पाय देत पुढे घुसत. एकही आली नाही तर तो ढीग रंग काढणाऱ्या कारखान्याकडे, निम्म्या भावाने. आणि विकणारा मागच्या फाटकाने घरी. तिखटपणा मोजण्याचे एक यंत्रही यार्डाने मागवले होते. ते सुस्थितीत आहे. वशरामभाई त्याच्यावर टोपी ठेवत.

आणि माणूस असा, की खोटी शिंक द्यायचा नाही. सख्ख्या मेव्हण्याच्या ढिगापुढे हा खांबासारखा उभा राहिला. त्यानंतर संतोकबेनने दिवाळीपर्यंत ताटात नुसता रोटला वाढला, तरी शिंक ती शिंकच.

त्या हंगामात यार्डाचे लक्ष एका ढिगाकडे लागले होते. रंभाबेन सावलियाचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला. तेव्हापासून तिचे मोठे दीर पोपटभाई, आपल्या घराण्यात बायका शेती करत नाहीत, हे तिला समजावत होते. रंभाबेन जुन्या वळणाची. मोठ्या दिरासमोर पदर नाकापर्यंत ओढायचा आणि त्यांच्याशी थेट बोलायचे नाही, हा रिवाज तिने कधी मोडला नाही. त्यामुळे तिला पोपटभाईंना जे सांगायचे असे, ते ती गोठ्यातल्या बैलाला सांगे. पंचांसमोर शेताची वाटणी ठरली, तेव्हाही ती बैलाकडे तोंड करून म्हणाली होती,

"सांग रे त्यांना. यंदाची मिरची माझी मी पिकवते. यार्डात तीन शिंका मिळाल्या तर शेत मी कसणार. कमी मिळाल्या तर पुढल्या हंगामापासून ते कसतील आणि मी त्यांच्या घरी रोटले थापीन."

पोपटभाई पंचांकडे बघून हसले होते. "तीन? बाईमाणसाच्या मिरचीला शिंक नाही, फार तर उचकी लागते."

बैलाने हे ऐकून घेतले. रंभाबेननेही.

तर अशी परिस्थिती असताना यार्डाचे नवे सचिव नलिनकांत साहेब यांच्या टेबलावर वरिष्ठ कार्यालयाचे परिपत्रक आले. विषय: कामाच्या ठिकाणी सर्दी-तापाचा प्रतिबंध. साहेब राजधानीतून नुकतेच बदलून आलेले. नियम वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर, इतरांच्या चेहऱ्यावर भजन ऐकताना येते तसे तेज येई. परिपत्रकात हात धुण्याविषयी, खिडक्या उघड्या ठेवण्याविषयी आणि ताप असल्यास घरी राहण्याविषयी पुष्कळ मजकूर होता. तो साहेबांनी 'सर्वसाधारण' म्हणून बाजूला ठेवला. कारण सहाव्या कलमात मुद्द्याची गोष्ट होती: शिंक हे संसर्गाचे प्रमुख लक्षण असल्याने, शिंकणाऱ्या कर्मचाऱ्यास तत्काळ तीन दिवस भरपगारी रजेवर घरी पाठवावे. आणि ज्या कार्यालयात महिनाभर एकही शिंक होणार नाही, त्यास 'निरोगी कार्यस्थळ' हे मानपत्र मिळेल.

साहेबांनी खिडकीतून बाहेर पाहिले. बाहेर सारे यार्ड शिंकत होते.

"केवढी साथ!" ते उद्गारले.

अंमलबजावणी त्याच सकाळी सुरू झाली. यार्डाचे एकूण कर्मचारी एक्केचाळीस. चहाच्या वेळेपर्यंत चौतीस घरी गेले होते. कुणी तक्रार केली नाही. आजारी माणसांनी एवढ्या आनंदाने फाटकाबाहेर पडण्याचा हा जिल्ह्यातला पहिलाच प्रसंग असावा. पहारेकरी करसन डबा विसरला म्हणून परत आला, डबा घेताना पुन्हा शिंकला, आणि सहा दिवस घेऊन गेला. त्यानंतर डबा विसरणाऱ्यांची संख्या लक्षणीय वाढली, आणि रजा संपवून येणारे फाटकाबाहेरच शिंकून नवी रजा घेऊन जाऊ लागले.

वशरामभाईंचे प्रकरण जरा गुंतागुंतीचे होते.

"साहेब, मी कामाचं शिंकतो," ते म्हणाले. "बाकीच्यांची शिंक त्यांची. माझी यार्डाची."

"कामाच्या वेळेत शिंकणं जास्तच गंभीर, वशरामभाई. सकाळपासून किती झाल्या?"

"एकवीस ढीग झाले. त्यांत सावजी शेतकऱ्याचे दोन फुसके निघाले, ते सोडून द्या."

साहेबांनी कागदावर गुणाकार केला. प्रत्येक शिंकेस तीन दिवस या दराने वशरामभाईंची रजा पावसाळ्यापर्यंत पोचत होती, आणि अजून यार्डात दोनशे ढीग बाकी होते. या वेगाने दोनच दिवस काम केले असते तर गृहस्थ निवृत्तीनंतरही रजेवर राहिले असते.

"घरी जा," साहेब हळव्या आवाजात म्हणाले. "तब्येतीला जपा."

वशरामभाईंनी यंत्रावरची टोपी उचलली, बाहेर जाता जाता एकदा शिंकले, आणि दारातला हमाल सवयीने "खम्मा, बापा" म्हणाला. साहेबांनी त्याच दुपारी पुरवणी आदेश काढला. 'खम्मा' असे म्हणणे म्हणजे शिंकणाऱ्यास उत्तेजन देणे होय, सबब यार्डाच्या हद्दीत खम्मा म्हणण्यास मनाई करण्यात येत आहे.

आता उरले सात. इथे एखाद्या सामान्य अधिकाऱ्याने समाधान मानले असते. साहेबांनी मानले नाही. न शिंकणारा मनुष्य निरोगी असेलच कशावरून? तो शिंक दाबत असेल. छप्पर गळते का हे पावसातच कळते. त्याच न्यायाने साहेबांनी नासिका चाचणी बसवली. प्रत्येक कर्मचाऱ्याने यार्डातल्या सर्वात तिखट ढिगाशेजारी पाच मिनिटे उभे राहायचे. शिंकला तर रोग उघड झाला, घरी. न शिंकला तर छातीला हिरवी फीत आणि 'निरोगी' असा शिक्का.

सातांपैकी चार जणांचा रोग पहिल्याच मिनिटात उघड झाला. पाचवा वजनकाट्यावरचा देवशंकर. हा गळ्याला मफलर, डोळे लालबुंद, अंगात तापाची कणकण अशा अवस्थेत आला होता. ढिगाशेजारी तो पाच काय, दहा मिनिटे उभा राहिला. त्यातली शेवटची पाच तो उभ्या उभ्या झोपला होता.

"वास येतोय का?" साहेबांनी विचारले.

"कशाचा?"

"मिरचीचा."

"मिरची आहे होय!" देवशंकर म्हणाला, आणि खोकत खोकत फीत लावून घेतली.

सहाव्या टंकलेखिका कोकिलाबेन. नातवाची सर्दी त्यांनी आदल्या आठवड्यात मायेने स्वतःकडे घेतली होती.

"साहेब, बाझं डाक तीन दिवस गच्च बंद आहे हो."

"म्हणजे वाहत नाही ना?"

"वाहायला जागा कुठेय?"

"उत्तम. कर्मचाऱ्याचं नाक असंच संयमी पाहिजे."

सातवे स्वतः साहेब. चाचणी घेणाऱ्याची चाचणी कोण घेणार, असा प्रश्न निघाल्याने त्यांची पाळी पुढे ढकलण्यात आली. (नाकात कापराची गोळी धरूनच ते यार्डात फिरतात अशी हमालांत बोलवा होती; तिला पुरावा नाही.) तिघे मग एका खोलीत बसू लागले. मिरचीचा धुरळा येऊन कुणाचे यश डागाळू नये म्हणून खिडक्या बंद करून फटींना कागद चिकटवला. कोकिलाबेन सुंठ घालून कावो, म्हणजे काढा, उकळत. कप एकच शाबूत होता, तो तिघांत फिरे. तिसऱ्या दिवशी साहेबांचा घसा बसला, चौथ्या दिवशी हाडे दुखू लागली, आणि पाचव्या दिवशी नाक पूर्ण बंद झाले. साहेब तडक ढिगाशेजारी जाऊन उभे राहिले. पाच मिनिटे झाली. पापणीसुद्धा लवली नाही. त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःला फीत लावली, आणि अंगात एकशे दोनच्या वर ताप असतानाही कामावर हजर राहिल्याबद्दल देवशंकरने त्यांचे कौतुक केले. साहेबांनी त्याचे केले. कोकिलाबेननी दोघांचे केले.

चाचणीची शास्त्रशुद्धता एव्हाना वाचकांच्या ध्यानात आली असेल. मिरचीच्या ढिगाशेजारी धडधाकट माणूस शिंकतो; ज्याचे नाक तापाने चोंदले आहे तो शिंकत नाही. त्यामुळे घरी पाठवलेले अडतीसच्या अडतीस जण ठणठणीत होते आणि कार्यालयात राहिलेले तिन्ही निरोगी आजारी होते. एवढी अचूक विभागणी मोठमोठ्या इस्पितळांनाही साधत नाही.

अशा दिवशी रंभाबेनच्या ढिगाची पाळी आली.

वशरामभाई रजेवर, म्हणून पुकारा साहेबांनीच हाती घेतला. व्यापारी जमले होते, पण नाइलाजाने. आठवडाभर प्रत्येक ढिगाला शून्य शिंका मिळत होत्या, आणि शेतकरी माल न विकता ताडपत्री ओढून बसले होते. पोपटभाई नवा फेटा बांधून पहिल्या रांगेत उभे होते. रंभाबेन पदर ओढून ढिगामागे.

साहेबांनी मिरची मोडली. नाकाशी नेली. मागच्या रांगेत दोघे दलाल शिंकले, पण ते अनधिकृत होते.

"शून्य," साहेब म्हणाले.

"पुन्हा बघा, साहेब," रंभाबेन म्हणाली.

त्यांनी दुसरी मोडली. तिसरी मोडली. मग एकदम पाच.

"शून्य. बाई, ही मिरचीच आहे ना? गाजरं नाहीत ना वाळवलेली?"

पोपटभाई फेटा सावरत हसले. "मी म्हणालोच होतो. उचकीसुद्धा नाही लागली."

रंभाबेनला उत्तर द्यायला तिथे बैल नव्हता. तिने इकडेतिकडे पाहिले आणि वजनकाट्याकडे तोंड केले.

"सांग रे त्यांना. मिरची माझी आहे, नाक साहेबांचं आहे. नाक मेलं म्हणून मिरची मरत नाही." मग साहेबांकडे वळली. (साहेब दीर नव्हते, त्यांच्याशी थेट बोलता येत होते.) "साहेब, यार्डाचा कायदा काय सांगतो? पुकारा मान्य नसेल तर दिवस मावळायच्या आत नेमलेल्या पुकारणाऱ्याकडून पुन्हा करून घेता येतो. येतो की नाही?"

"येतो," साहेब म्हणाले. नियम त्यांना तापातही पाठ होते. "पण नेमलेले पुकारणारे रजेवर आहेत."

"रजेवर आहेत ना? गेलेले तर नाहीत?"

साहेबांनी विचार केला. कलमात पुकारणारा कुठे असावा हे लिहिलेले नव्हते.

रंभाबेनने एक टोपली भरली, डोक्यावर घेतली आणि फाटकाबाहेर चालू लागली. व्यापारी तिच्यामागे निघाले. त्यांच्यामागे व्यापाऱ्यांचे हमाल. सगळ्यांच्या मागे पोपटभाई, कारण पंचांत शब्द दिलेला होता आणि उन्हात नवा फेटा दाखवायचा राहिला होता.

वशरामभाईंच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. यार्डातून घरी पाठवलेले निम्मे रुग्ण तिथे विश्रांती घेत होते. पत्त्यांचे दोन डाव पडले होते, गांठियांचा ढीग होता, बशीत चहा ओतला जात होता, आणि करसन पहारेकरी (आता त्याची रजा महिन्यापर्यंत गेली होती) सवयीने कुणाच्या तरी गाईला हाकलून आला होता. वशरामभाई झोपाळ्यावर होते. रंभाबेनने टोपली त्यांच्या पायाशी ठेवून सगळे सांगितले.

त्यांनी टोपलीकडे पाहिले आणि झोपाळा मागे नेला.

"नको, बेन. मी रजेवर आहे. रजेवर शिंकलो तर साहेब आणखी नऊ दिवस चढवतील. मला एकदा तरी त्या ढिगांत परत उभं राहायचंय."

आतून संतोकबेनचा आवाज आला, "आणि घरात रात्रभर शिंकून माझी झोप उडवता, ते कुणाच्या हिशेबात? शिंका की त्या पोरीसाठी!"

"पण खरंच येईल तेवढंच," वशरामभाई म्हणाले. "मेव्हण्याला दिली नाही, हिलाही फुकट देणार नाही."

"फुकट मागतंय कोण?" रंभाबेन म्हणाली.

वशरामभाईंनी झोपाळा थांबवला. टोपलीत खोलवर हात घातला, तळाची एक मिरची काढली, मोडली, डोळे मिटले.

पहिली शिंक आली. "खम्मा!" अख्खी ओसरी म्हणाली. यार्डाच्या हद्दीबाहेर मनाई लागू नव्हती.

दुसरी आली. "खम्मा, बापा, खम्मा!"

मग काहीच नाही. वशरामभाईंनी नाक वर केले, खाली केले. एक डोळा उघडला. पोपटभाईंनी फेट्याचा शेमला खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "झालं. दोनच. चांगला माल आहे, नाही म्हणत नाही. पण दोनच."

"थांबा," वशरामभाई म्हणाले, आणि तिसरी अशी आली की झोपाळ्याची कडी वाजली आणि गांठियांचा कागद उडाला.

कुणी खम्मा म्हणायच्या आत चौथी आली. पण ती वशरामभाईंची नव्हती. एव्हाना पहिल्या रांगेत घुसलेले पोपटभाई दुमडून उभे होते, फेटा डोळ्यांवर आलेला, आणि डोळ्यांतून पाणी.

रंभाबेनने पदर कपाळापर्यंत मागे सारला. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच तिने दिरांकडे सरळ पाहिले.

"खम्मा, मोठे भाई," ती म्हणाली. "सांभाळा. मिरची बाईमाणसाची आहे."

त्या दिवसापासून लिलाव वशरामभाईंच्या गल्लीत भरू लागला. रुग्ण तिथेच असल्यामुळे काट्याला माणूस होता, हमाल होते, हिशेबनीस होता. शेतकऱ्यांचा माल उचलला गेला. यार्डात मात्र पूर्ण शांतता नांदली, आणि महिनाअखेरीस तपासणीसाठी वरिष्ठ अधिकारी आले तेव्हा त्यांना एकही शिंक ऐकू आली नाही. बंद खोलीत हिरव्या फिती लावलेले तिघे कर्मचारी कपाळाला सुंठ लावून बसले होते. अधिकाऱ्यांनी तिघांशी हस्तांदोलन केले, त्याच कपातून कावो घेतला आणि मानपत्र दिले. त्यांचा ड्रायव्हर फाटकाशीच सात वेळा शिंकल्याने त्याला आत येऊ दिले नव्हते. चार दिवसांनी अधिकारी अंथरुणाला खिळले. ड्रायव्हर ठीक आहे.

अंतिम आकडेवारी अशी. घरी पाठवलेले: अडतीस. त्यांपैकी तापाने आजारी: कुणी नाही. कार्यालयात हजर: तीन. त्यांपैकी आजारी: तीन. कार्यालयात झालेल्या शिंका: शून्य. अहवालात यांपैकी शेवटचा आकडा तेवढा पाठवायचा होता.

यशस्वी ठरल्याने नासिका चाचणी आता सर्व कार्यालयांना लागू होत आहे. जिथे स्वतःची मिरची नाही तिथे ती पुरवली जाईल. चाचणीसाठी प्रमाण म्हणून तीन शिंकांची मिरची ठरली असून पुरवठ्याचे काम रंभाबेन सावलिया यांना मिळाले आहे. त्यांनी दिरांचे बाजूचे शेतही कसायला घेतले, असे समजते. रोटले कोण थापते ते समजले नाही.

राहता राहिला वाचक. आपण मघापासून आमच्या यार्डात ढिगांशेजारी उभे आहात. आपल्या नाकाखाली डझनभर मिरच्या मोडण्यात आल्या, त्यांतली एक तर पोपटभाईंनाही पेलली नाही. आपण एकदाही शिंकला नाहीत. अभिनंदन, नियमानुसार आपण पूर्णपणे निरोगी आहात. घसा जरा खवखवत असेल, अंगात कणकण असेल, तर ती लक्षणे सर्वसाधारण मजकुरात मोडतात. उद्या सकाळी वेळेवर कामावर हजर व्हावे. गेल्या थंडीत, घरच्यांनी नको नको म्हणत असताना, अंगात ताप घेऊन मोठ्या निष्ठेने हजर झाला होतात, तसेच. साहेब कौतुक करतील. फीत टेबलावर ठेवली आहे, कप तोच आहे.

खम्मा तेवढे तुम्हाला कुणी म्हणणार नाही. ते म्हणणारे सगळे घरी आहेत.